अध्यापनाची समीक्षा : प्रेक्षक आणि प्राश्निक

विद्यापीठीय अध्यापकाच्या कामाची दोन अंगे आहेत, आणि त्या दोहोंच्या वाट्याला इतरांची दृष्टी फार विषम प्रमाणात येते. त्याचा संशोधनलेख छापला जाण्यापूर्वी जाणकारांच्या नजरेखालून जातो, छापून आल्यावर त्याचे खंडन-मंडन होते, पुढील अभ्यासक त्याचा आधार घेतात किंवा तो बाजूला सारतात. त्याच अध्यापकाचा तास मात्र वर्गाचे दार लोटले की सहकाऱ्यांपुरता अस्तित्वातच राहत नाही. वीस-पंचवीस वर्षे एकाच विभागात काम केलेल्या दोघांनी परस्परांचा एकही तास ऐकलेला नसणे ही अपवादात्मक गोष्ट नव्हे. भिंतीपलीकडून येणारा आवाज आणि विद्यार्थ्यांत फिरणाऱ्या आख्यायिका एवढ्या सामग्रीवर एकमेकांच्या अध्यापनाविषयीचे मत बनलेले असते आणि ते सहसा बदलत नाही. अमेरिकेतील शिक्षणविचारक ली शुल्मन यांनी १९९३ साली या विसंगतीकडे लक्ष वेधले होते. संशोधनात एकांत आणि अध्यापनात सहवास लाभेल अशा अपेक्षेने विद्वान विद्यापीठात येतो आणि त्याला नेमका उलटा अनुभव येतो, असे त्यांचे निरीक्षण होते.

यावर सुचवला जाणारा उपाय साधा आहे. एका अध्यापकाने दुसऱ्याच्या वर्गात मागे बसावे, आधी त्या तासाचा हेतू समजून घ्यावा, नंतर दोघांनी बोलावे, मग भूमिका बदलाव्यात. पद्धतीविषयी याहून अधिक सांगण्याजोगे फारसे नाही. त्यावर भरल्या जाणाऱ्या कार्यशाळा आणि छापले जाणारे तक्ते यांनी मूळ प्रश्न उलट झाकला जातो. तो प्रश्न नैतिक आहे. एका अध्यापकाने दुसऱ्याकडे कोणत्या अधिकाराने पाहायचे, आणि पाहिलेले जे काही असेल ते कोणाच्या मालकीचे? शिक्षणशास्त्राच्या मराठीत अशा अभिप्रायाला ‘प्रत्याभरण’ म्हणतात. मूळ संकल्पना नियंत्रक यंत्रांच्या शास्त्रातून आलेली आहे. तापमान घसरले की यंत्राला सूचना मिळते आणि भट्टी पुन्हा पेटते. यंत्राला सूचनेचा अपमान वाटत नाही, आणि सूचना देणाऱ्याला भीड पडत नाही. माणसांच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी घडतात, आणि सारा प्रश्न तेथूनच सुरू होतो.

प्रथम बंद दाराच्या समर्थनाचा विचार केला पाहिजे. वर्ग हे अध्यापकाच्या स्वातंत्र्याचे क्षेत्र आहे, तेथे तिऱ्हाईताची उपस्थिती म्हणजे त्या स्वातंत्र्यावर पडलेली सावली, असा हा युक्तिवाद आहे. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सत्तेने वर्गात माणसे पेरल्याची उदाहरणे विसाव्या शतकाच्या इतिहासात पुरेशी आहेत. मात्र या युक्तिवादात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती अशी की दार बंद झाल्यावर आत कोणी नसते. प्रत्यक्षात आत चाळीस-साठ माणसे असतात आणि ती अध्यापकाला वर्षभर न्याहाळत असतात. हे ज्यांच्यापुढे उघडे असते त्यांच्या हाती उलट बोलण्याचे बळ नसते, आणि ज्यांच्या हाती ते असते त्यांच्यापुढेच ते झाकलेले असते. अशा एकांताला स्वातंत्र्य म्हणायचे की सोय म्हणायची, हे तपासून पाहण्याजोगे आहे.

तरीही दार उघडले म्हणजे प्रश्न सुटला असे होत नाही, कारण आत येणारा कोणत्या नात्याने येतो यावर सर्व अवलंबून आहे. या बाबतीत भरताच्या नाट्यशास्त्रातील एक भेद उपयोगी पडतो. सिद्धीच्या, म्हणजे प्रयोगाच्या यशापयशाच्या, निरूपणात भरत दोन प्रकारच्या पाहणाऱ्यांची चर्चा करतो. एक प्रेक्षक. पात्राच्या हर्षाने ज्याला हर्ष होतो, शोकाने शोक होतो, तो. प्रेक्षकाच्या अंगी कोणकोणते गुण असावेत हे सांगून झाल्यावर हे सारे गुण एकाच माणसात सापडत नाहीत, अशी कबुलीही भरत देतो. दुसरा प्राश्निक. नटांमध्ये स्पर्धा लागली, धनाचा किंवा पताकेचा प्रश्न उभा राहिला, की निर्णय देण्यासाठी प्राश्निक लागतात. त्यांत याज्ञिक आहे, नर्तक आहे, छंदोविद आणि वैयाकरण आहेत, राजा, धनुर्धर, चित्रकार, वेश्या, गायक आणि राजसेवकही आहेत. प्रत्येकाचा अधिकार त्याच्या त्याच्या क्षेत्रापुरता आहे. याज्ञिकाने यज्ञाच्या अभिनयाविषयी बोलावे, वैयाकरणाने शब्दाविषयी.

भरताला दोन्ही हवे आहेत आणि त्याने दोघांची कामे निराळी ठेवली आहेत, ही बाब येथे महत्त्वाची आहे. प्राश्निक पताकेसाठी असतो. पताका नसेल तर त्याचे कामच उरत नाही. प्रेक्षकावाचून मात्र प्रयोगालाच अर्थ नाही. सहकाऱ्याने वर्गात येऊन बसावे असे जेव्हा सुचवले जाते तेव्हा प्रेक्षकाला आमंत्रण दिले जाते. आणि व्यवस्था त्याच्या हाती गुणपत्रक देते तेव्हा त्याच खुर्चीवर प्राश्निक बसतो. खुर्ची तीच, माणूस तोच, पण पाहणे बदललेले असते.

हे कसे घडते याचे उदाहरण इंग्लंडमध्ये मिळते. तेथील उच्चशिक्षण निधी परिषदेने १९९३ पासून अध्यापनाच्या गुणवत्तेची विषयवार तपासणी सुरू केली. तपासनीस बव्हंशी अन्य विद्यापीठांतील त्याच विषयाचे अध्यापक असत आणि ते वर्गात प्रत्यक्ष बसत. १९९५ पासून सहा अंगांना प्रत्येकी चार असे एकूण चोवीस गुण देण्याची रीत पडली. १९९७ मध्ये स्थापन झालेल्या गुणवत्ता-हमी संस्थेकडे पुढे हे काम गेले आणि २००१ नंतर ही सार्वत्रिक तपासणी बंद झाली. तपासणारे समकक्ष होते, समविषयी होते, अनेकदा व्यासंगीही होते. म्हणजे प्रेक्षकाला लागणारी सर्व पात्रता त्यांच्यापाशी होती. पण त्यांच्या पाहण्याच्या शेवटी एक आकडा होता, आणि तो आकडा विद्यापीठाच्या जाहिरातीत छापला जाणार होता. ज्या तासाचे गुण होणार तो तास गुणांसाठीच घेतला जाणार, हे सांगायला शिक्षणशास्त्र लागत नाही.

भारतात याच्या उलट प्रकार दिसतो. बंगळूरला १९९४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेने महाविद्यालयाला भेट देणाऱ्या मंडळाला ‘पीअर टीम’ म्हणजे समकक्षांचा गट असेच नाव दिले. तथापि या भेटीचे स्मरण बहुतेक विभागांत फायलींच्या गठ्ठ्यांच्या रूपानेच उरते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या विनियमांत पदोन्नतीसाठी अध्यापनाचे मोजमाप नेमून दिलेल्या तासांपैकी किती घेतले या प्रमाणावर ठरवण्यात आले. ऐंशी टक्के किंवा अधिक असतील तर ‘चांगले’, सत्तर ते ऐंशीच्या दरम्यान ‘समाधानकारक’. तास झाला हे मोजले गेले. तासात काय झाले याकडे ना प्राश्निकाचे लक्ष, ना प्रेक्षकाचे. इंग्लंडातील अतिरेकाला घाबरणाऱ्यांनी हेही लक्षात घेतले पाहिजे की न पाहण्यातून मिळालेली ही सुरक्षितता अध्यापनाचा आदर करत नाही. ती त्याची किंमत शून्य धरते.

पाहण्याच्या नैतिकतेचा हा वाद जुना आहे, आणि एकोणिसाव्या शतकात त्याच्या दोन्ही बाजू विलक्षण स्पष्टपणे मांडल्या गेल्या. मॅथ्यू आर्नल्ड हे समीक्षेच्या विद्यार्थ्याला निर्लेप, निरपेक्ष दृष्टीचा पुरस्कर्ता म्हणून परिचित असतात. १८५७ ते १८६७ या काळात ते ऑक्सफर्डला काव्याचे प्राध्यापक होते. मात्र त्यांची उपजीविका चालत होती ती १८५१ पासून १८८६ पर्यंत शाळातपासनीसाच्या नोकरीवर. १८६२ साली रॉबर्ट लो यांच्या सुधारित संहितेने शाळांचे अनुदान मुलांच्या वाचन, लेखन व गणिताच्या परीक्षेशी जोडले. त्याच वर्षी आर्नल्ड यांनी आपल्याच खात्याच्या धोरणाविरुद्ध लेख लिहिला. पुढे वर्षानुवर्षे ते आपल्या अहवालांतून एकच तक्रार करत राहिले, की तपासणी यांत्रिक झाली आहे आणि तपासणीसाठी शिकवणेही यांत्रिक झाले आहे. नेमलेले पुस्तक मूल घडाघडा वाचते, पण वाचनाची ओढ त्याच्या अंगी येत नाही. जो माणूस कवितेकडे निर्लेपपणे पाहायला सांगत होता त्याला वर्गाकडे तसे पाहण्याची मुभा नव्हती. त्याच्या पाहण्यावर शाळेचा पैसा अवलंबून होता.

आर्नल्ड येथवर पटतात. मात्र १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी सादर केलेले निवेदन त्यांच्या शेजारी ठेवले की चित्र गुंतागुंतीचे होते. मुंबई इलाख्यातील प्राथमिक शाळांचे शिक्षक जवळजवळ सर्व ब्राह्मण आहेत, त्यांपैकी पुष्कळांना प्रशिक्षण नाही, आणि ज्या मुलांसाठी या शाळा असायला हव्यात त्यांच्या गरजांशी त्यांचे नाते नाही, ही फुल्यांची तक्रार होती. त्यांना तपासणी नको होती असे नाही. ती अपुरी आहे असे त्यांचे म्हणणे होते. मराठी बोलीत ज्याचा ‘दिपोटी’ झाला त्या डेप्युटी इन्स्पेक्टरची वर्षातून एक भेट निरुपयोगी आहे, निदान तिमाहीस तपासणी व्हावी, एवढेच नव्हे तर पूर्वसूचना न देता शाळांना भेटी द्याव्यात, अशी मागणी त्यांनी केली.

एकाला तपासनीसाची नजर शिक्षणाचा घात करणारी वाटते, दुसऱ्याला तिचा अभाव घातक वाटतो. दोघेही आपापल्या जागी खरे आहेत, आणि हा विरोध केवळ इंग्लंड व महाराष्ट्र यांच्यातील परिस्थितिभेद म्हणून सोडून देता येत नाही. आर्नल्ड शिकवण्याच्या कृतीच्या वतीने बोलतात. तिच्यातले जिवंतपण मोजपट्टीखाली मरते हे त्यांना दिसते. फुले वर्गात बसलेल्या आणि न शिकलेल्या मुलाच्या वतीने बोलतात. शिक्षकाच्या सद्भावनेवर विसंबून त्या मुलाचे भागणार नाही हे त्यांना दिसते. सहकाऱ्याच्या निरीक्षणाची नैतिक उपपत्ती मांडणाऱ्याने यांतील केवळ एकालाच उत्तर दिले तर ती उपपत्ती लंगडी राहील. या विषयावरील बहुतेक लेखन आर्नल्ड यांना उत्तर देऊन थांबते. गुण देऊ नका, विश्वास निर्माण करा, गोपनीयता पाळा, असा त्याचा सूर असतो. फुल्यांच्या मुलाचे काय, हा प्रश्न त्यात येत नाही.

हा प्रश्न अमूर्त वाटू नये म्हणून एक कल्पित प्रसंग घेता येईल. मराठीच्या एम.ए.चा वर्ग आहे. एका कवितेतील स्त्री शेवटपर्यंत बोलत नाही. का, असे अध्यापक विचारतो. वऱ्हाडातून आलेला एक विद्यार्थी म्हणतो, ‘तिले कोनाले काही सांगाचंच नव्हतं.’ अध्यापक प्रसन्न होतो आणि म्हणतो, ‘बरोबर. नायिकेचे मौन येथे सूचक आहे.’ तास पुढे जातो. मागच्या बाकावर बसलेल्या सहकाऱ्याला त्या क्षणी फळ्यापाशी उभ्या असलेल्या माणसाला न दिसणारी एक गोष्ट दिसते. विद्यार्थी बोलला तेव्हा एकही पेन हलले नाही. अध्यापक बोलला तेव्हा सर्व हलली. बोलणाऱ्या विद्यार्थ्यानेही आपले वाक्य उतरवले नाही, अध्यापकाचे उतरवले.

या निरीक्षणाचे काय करायचे? प्राश्निकाच्या तक्त्यात ‘विद्यार्थ्यांचा सहभाग’ असा रकाना असेल. तेथे ‘समाधानकारक’ अशी खूण होईल, आणि ती खोटीही नसेल. दाक्षिण्यशील सहकारी चहाच्या वेळी ‘तास छान झाला’ असे म्हणेल. तिसरी शक्यता अशी की तो फक्त घडले ते सांगेल. तो असे बोलला, तुम्ही असे बोललात, पेने तेव्हा हलली. त्यात दोषारोप नाही, सल्ला नाही. समीक्षेत मूल्यमापनापूर्वी वर्णन यावे लागते, आणि वर्णनाचीच शिस्त कठीण असते, हे साहित्याच्या अध्यापकाला वेगळे सांगायला नको. मात्र संहितेपुढे ही शिस्त पाळणारा माणूस सहकाऱ्याच्या तासापुढे ती विसरतो आणि थेट ‘छान’ किंवा ‘कंटाळवाणा’ यावर येतो.

असे वर्णन ऐकून अध्यापक निरुत्तर होईल असे नाही. परीक्षा प्रमाणभाषेत लिहावी लागते, परिभाषा शिकवणे हे आपले कामच आहे, विद्यार्थ्याच्या उत्तराला शास्त्राच्या भाषेत नेऊन आपण त्याचा मानच केला, असे तो म्हणू शकतो. हे उत्तर क्षुल्लक नाही. पण आता ते दोघांमध्ये उच्चारले गेले आहे, आणि उच्चारले गेल्यामुळे तपासता येते. त्या विद्यार्थ्याच्या वाक्यात इच्छा होती. कोणाला काही सांगायचे नाही, हा त्या स्त्रीचा निर्णय होता. ‘सूचक मौन’ म्हणताच तो निर्णय कवीच्या कौशल्याचा भाग झाला. भाषांतरात अर्थ बदलला, आणि बदललेला अर्थ टिपणवहीत गेला. डोनाल्ड शॉन यांनी १९८३च्या आपल्या ग्रंथात ज्याला कृतीतील चिंतन म्हटले ते एकट्याने सहसा होत नाही, कारण कुशल माणसाची कृती त्याच्याच नजरेला इतकी सरावाची झालेली असते की ती कृती म्हणून दिसतच नाही. दुसऱ्याच्या साक्षीने ती दिसू लागते.

मात्र साक्षीदाराला पेने दिसली हे येथे गृहीत धरले आहे. ती दिसतीलच असे नाही. आपल्याच शहरात, आपल्याच भाषेत वाढलेला सहकारी मागे बसला असेल तर त्या भाषांतरात त्याला काही खटकणार नाही. अध्यापकाचे वाक्य त्यालाही ‘बरोबर’ वाटेल. समकक्ष असण्याचा हा तोटा आहे. समकक्षांचे आंधळेपण बहुधा एकाच जागी असते. आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजच्या विद्यार्थ्यांना कवींची नावे न सांगता कविता वाचायला दिल्या आणि त्यांच्या लेखी प्रतिक्रियांतून १९२९ साली वाचनातील अडथळ्यांची यादी सिद्ध केली. तीतील ठरीव, साच्यातल्या प्रतिक्रिया विद्यार्थ्यांपुरत्या नाहीत. खणखणीत आवाज, भरलेला फळा, डोलणाऱ्या माना, हे पाहून तास चांगला ठरवणारा सहकारी तशाच साच्यात पाहत असतो. अभिनवगुप्ताने सांगितलेल्या रसविघ्नांपैकी निजसुखादिविवशीभाव, म्हणजे स्वतःच्याच सुखदुःखात गुंतून पडणे, हे विघ्न येथे नेमके लागू पडते. साहित्याचा अध्यापक साहित्याच्याच तासाला बसला की कवितेच्या अर्थाविषयी मनातल्या मनात वाद घालू लागतो, आणि वर्ग त्याच्या डोळ्यांसमोरून निघून जातो. अशा वेळी इतिहासाचा किंवा रसायनशास्त्राचा अध्यापक अधिक पाहू शकेल. प्राश्निकांच्या यादीत भरताने याज्ञिकाबरोबर वेश्येलाही का बसवले, याचे मर्म येथे कळते.

मराठी विद्यापीठीय वातावरणात या साऱ्यापेक्षा मोठा अडथळा म्हणजे भीड. भीड ही भिकेची बहीण हे सर्वांना पाठ असते आणि तरीही विभागाच्या बैठकीत तिचाच अंमल चालतो. सहकाऱ्याच्या ग्रंथावर तिखट परीक्षण लिहिणारा माणूस त्याच्या तासाविषयी त्याच्या तोंडावर एक वाक्य बोलायला धजत नाही. पाठीमागे मात्र भरपूर बोलतो. यात सौजन्य आहे असे मानले जाते. वस्तुतः न सांगणाऱ्याने आपली सोय पाहिलेली असते, आणि त्या सोयीचे मोल मधल्या बाकावरचा विद्यार्थी चुकवत असतो.

त्या विद्यार्थ्याच्या बाजूने पाहिले की गोपनीयतेचा नियमही पुन्हा तपासावा लागतो. प्रेक्षकाने पाहिलेले पदोन्नतीच्या फायलीत जाऊ नये हे खरे. गेले की पुढच्या वेळी अध्यापक त्याच्यासाठी नाटक करील. पण सहकाऱ्याला जर वर्गात उघड अवहेलना दिसली, एखाद्याच्या जातीवरून, बोलीवरून, इंग्रजीच्या उच्चारावरून त्याला हसे केले जात असलेले दिसले, तर दिलेला शब्द त्याला गप्प बसवू शकतो का? येथे दोष आणि अन्याय यांत फरक केला पाहिजे. गोपनीयतेचे वचन अध्यापनाच्या कारागिरीपुरते आहे. तिसऱ्याला झालेल्या इजेवर पांघरूण घालण्याचे वचन कोणीही कोणाला देऊ शकत नाही, कारण ती क्षमा करण्याचा अधिकार त्या दोघांपैकी कोणाचाच नसतो. त्या बाबतीत तक्रारीचा मार्ग वेगळा, उघडा आणि ज्याच्या त्याच्या हक्काचा असला पाहिजे. फुल्यांनी मागितलेली सूचनेवाचूनची भेट त्या मार्गावर आजही समर्थनीय ठरते. ती सहकाऱ्याच्या भेटीत मिसळू नये, एवढेच.

अर्थात वऱ्हाडी वाक्याचा प्रसंग या विभागणीत सरळ बसत नाही. तो दोष की अन्याय? एका तासापुरता तो दोष आहे. पाच वर्षे प्रत्येक तासाला तेच घडले तर? नेमक्या कोणत्या तासाला रेषा ओलांडली गेली हे एक तास पाहणाऱ्याला सांगता येणार नाही, आणि वर्षभर पाहणारे विद्यार्थी स्वतःच आपली वाक्ये उतरवून घेईनासे झालेले असतात. म्हणूनच दोघा अध्यापकांमधले बोलणे दोघांपाशीच संपले तर ते अपुरे राहते. ज्याच्या वाक्यावरून ते सुरू झाले तो त्या चहाच्या टेबलावर नसतो. तो टेबलावर असावा असेही नाही. पण पुढच्या तासाला अध्यापक दोन्ही वाक्ये फळ्यावर शेजारी शेजारी लिहू शकतो, एक वऱ्हाडी, एक स्वतःचे. आणि दुसऱ्या वाक्यात न आलेले असे पहिल्या वाक्यातल्या ‘सांगाचंच’ या शब्दात काय आहे, एवढाच प्रश्न वर्गाला विचारू शकतो. सहकारी त्या दिवशी मागे बसलेला नसला तरी चालेल.